जड माणूस आधी

“वजन?”

नमस्कार नाही, कसे आहात नाही. काकांबरोबर विमानातून जायचं ठरलं की त्यांचा पहिला शब्द हाच. विचारताना ते समोरच्याच्या तोंडाकडे बघत नसत, पोटाकडे बघत. उत्तर दिलं तरी त्यांचा त्यावर विश्वास नसायचा. गाडीच्या डिकीतून बाथरूममधला वजनकाटा काढायचे, विमान ठेवायच्या हँगरच्या सिमेंटवर ठेवायचे आणि बोटाने दाखवायचे. चढा.

आमच्या मंडळातल्या एक बाई, नाव कशाला घ्या, काट्यावर चढण्याआधीच म्हणाल्या होत्या, “एकशे तीस पौंड. फार तर.” काटा बराच पुढे गेला. बाई म्हणाल्या, काटा बिघडलाय. काका म्हणाले, “बाई, हे विमान आहे, स्थळ नाही.” यजमान हसले. बाई त्या दिवशी काकांशी तर नाहीच, यजमानांशीही बोलल्या नाहीत.

तुम्ही त्यांना पाहिलं असणार. क्युपर्टिनोला गणपतीत शाळेच्या हॉलमध्ये आरती चालू असताना मागच्या भिंतीला टेकून एक उंच माणूस उभा असायचा, झब्ब्याखाली चिखल लागलेले बूट घालून. तेच काका. चिप बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर. आणि तुम्ही त्यांच्याबद्दल ऐकलंही असणार. काय ऐकलंत ते मला माहीत आहे. “स्वतःच्या बायकोला आधी बाहेर काढलं आणि पाहुण्याला आगीत ठेवलं.” हे वाक्य मी प्रसादाच्या रांगेत ऐकलं, माझ्यापुढे उभ्या असलेल्या माणसाने हातात द्रोण धरून म्हटलेलं. त्यांची बायको तेव्हा त्याच हॉलमध्ये सतरंज्या उचलत होती.

म्हणून हे लिहिते आहे. मला गोड लिहिता येत नाही. मी पत्रकं लिहिणारी. पत्रकात पहिल्या ओळीत आरोप असतो आणि शेवटच्या ओळीत मागणी. आरोप करून झाला. मागणी कुणाकडे काय करायची, ते मात्र मला अजून उमगलेलं नाही.

माझी त्यांची ओळख पत्रकामुळेच झाली. मी स्टेट कॉलेज नावाच्या गावी एम.एस. करायला आले होते, ते अर्धवट सोडून कॅलिफोर्नियात आले आणि जंगलतोडीविरुद्ध काम करणाऱ्या एका छोट्या गटात शिरले. नाशकात आईने अन्न सोडलं, मग परत धरलं. मी दारोदार पत्रकं वाटत होते. अमेरिकन घरांत लोक हसून दार लावायचे, मराठी घरांत आत बोलावून पोहे द्यायचे आणि पत्रक टीव्हीवर ठेवायचे. काकांनी ते दारात उभं राहून पूर्ण वाचलं. मागची बाजूही वाचली.

“यातलं जंगल पाहिलंयस?” त्यांनी विचारलं.

“अभ्यास केलाय.”

“पाहिलंयस का?”

“नाही.”

“वजन?”

असं ते सुरू झालं.

त्यांचं विमान जुनं होतं. चार माणसांचं, वरच्या बाजूला पंख असलेलं, आणि तेही निम्मंच त्यांचं. दुसरा निम्मा मालक एक दाताचा डॉक्टर होता, तो कधी उडायचाच नाही. उन्हाळ्यात सुट्टी मिळाली की काका उत्तरेला आयडाहोच्या डोंगरांत जायचे. तिथे दऱ्यांच्या तळाशी, नदीकाठी, गवताच्या लहान लहान धावपट्ट्या आहेत. रस्ता नाही, वीज नाही, दुकान नाही. विमान उतरवायचं, दोरीने जमिनीला बांधायचं, पंखाखाली अंथरूण टाकायचं आणि राहायचं. एवढंच. मला वाटलं होतं, श्रीमंतांचं काहीतरी खूळ असणार. पहिल्या सकाळी पंखावरून दव टपकून कपाळावर पडलं, डोळे उघडले तर समोर हरणाची जोडी विमानाचं चाक हुंगत होती. माझ्या पत्रकात ‘परिसंस्था’ हा शब्द होता. तो शब्द मी त्यानंतर फारसा वापरला नाही.

सकाळी उठल्यावर ते गवताच्या चार काड्या उपटून हवेत सोडायचे, वारा बघायला. मग नाक वर करून उभे राहायचे. काकू स्टोव्हवर चहा टाकत म्हणायच्या, “झाली यांची पूजा.” धुराचा जरासा वास आला, ढग नीट दिसला नाही, पोटात बरं वाटलं नाही, कशानेही उड्डाण रद्द व्हायचं. “उद्या आहे की,” म्हणायचे आणि बूट काढायचे. क्युपर्टिनोहून निघायच्या निम्म्या सहली त्यांनी हँगरमध्येच कॅन्सल केल्या. लोक पिशव्या घेऊन परत घरी. लोक चिडायचे. याच लोकांनी नंतर मंडळाच्या स्मरणिकेत त्यांना ‘धाडसी वैमानिक’ म्हटलं. धाडसी म्हणे. असा भित्रा वैमानिक मी दुसरा पाहिलेला नाही, आणि हे मी कौतुकाने सांगते आहे.

वजनाच्या बाबतीत ते बायकोलाही सोडत नसत. एकदा सगळ्यांचं मोजमाप झाल्यावर काकूंनी हळूच चकल्यांचा डबा मागच्या सीटखाली सरकवला. काकांनी विमानाला एक फेरी मारली, शेपटीकडे बघितलं आणि म्हणाले, “काहीतरी आलंय.” डबा निघाला.

“चकल्या की मी?” काका म्हणाले.

काकूंनी क्षणभर विचार केला. खरोखर केला. मग काकांच्या पिशवीतून त्यांचे जादाचे बूट काढून माझ्या हातात दिले. “हे गाडीत टाक गं.” चकल्या गेल्या आयडाहोला. काकांना आठवडाभर ओले बूट.

माझ्याशी त्यांचे वाद व्हायचे ते आगीवरून. मी म्हणायचे, जंगलं पेटतात ती कंपन्यांच्या आणि सरकारच्या पापाने. ते नाकारत नसत. काटक्या मोडत म्हणायचे, “असेल. पण आगीला तुझं पत्रक वाचता येत नाही.” आणि मग, मी फुरंगटले की, “दे इकडे ते पत्रक. कागद चांगला पेटतो तुमचा.”

आता त्या ऑगस्टचं सांगते.

डॉक्टर टेक्सासहून आले होते, शुगर लँडहून. काकांचे कॉलेजपासूनचे मित्र, हृदयाचे डॉक्टर, स्वतः अवाढव्य. काट्यावर चढले तेव्हा काका नुसते मान हलवत उभे राहिले. “पेशंटला काय सांगतोस रे तू?” “सांगतो, माझ्यासारखं वागू नका. लगेच पटतं.” असा माणूस. हसला की गाडी हलायची.

आम्ही चौघं होतो. काका, काकू, डॉक्टर आणि मी. जायचं होतं त्या दरीतली पट्टी फार आखूड. चार माणसं घेऊन तिथून विमान उठत नाही. अशा वेळी काका खेपा करायचे. एका डोंगराच्या पलीकडे मोठी, लांब पट्टी होती. आधी सगळे तिथे उतरायचे, मग दोन खेपांत आत जायचं आणि परतताना दोन खेपांत बाहेर यायचं. बाहेर येण्याचा त्यांचा नियम एकच होता, जड माणूस आधी. सकाळची गार हवा दाट असते, ती विमानाला उचलते. ऊन चढलं की हवा पातळ होते, मग हलकं माणूसच काय ते उचललं जातं. म्हणून पहिल्या खेपेला डॉक्टर आणि काकू, शेवटच्या खेपेला मी. मी सगळ्यांत हलकी. मला याचा थोडा अभिमानही होता.

आग तेव्हा दोन डोंगर पलीकडे होती. कोरड्या विजा पडून लागलेली. लांबच्या पट्टीवर आग विझवणाऱ्यांचा तंबू होता, तिथे काकांनी चौकशी केली. वारा उलटा आहे, तिथले लोक म्हणाले. दोन खेपांत आम्ही दरीत उतरलो, तरी काका दिवसभर नाक वर करून बसले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी काड्या हवेत सोडल्या आणि काड्या आमच्याकडे आल्या. उजाडलं होतं पण सूर्य नव्हता, एक तांबडी टिकली होती फक्त. डोंगराच्या खिंडीतून धूर उतरत होता, दूध उतू गेल्यासारखा.

“निघायचं,” काका म्हणाले. “तंबू राहू दे. डॉक्टर आणि ही, चला. पोरगी दुसऱ्या खेपेला.”

डॉक्टर जागचे हलले नाहीत. “पोरगी इथे एकटी राहणार?”

“नदीकाठी उभी राहील. मी आलोच. जड माणूस आधी.”

“वजन गेलं खड्ड्यात, यार. पोरीला आगीत ठेवून मी आधी पळालो, हे सांगू लोकांना? हिच्या आईला काय तोंड दाखवू?”

“माझी आई तुम्हाला ओळखतही नाही,” मी म्हणाले. “डॉक्टर, तुम्ही जड आहात. बसा ना विमानात.”

“असं बोलतात का गं मोठ्यांशी,” काकू म्हणाल्या. मग डॉक्टरांना, “पण भावजी, तुम्ही पाहुणे. तुम्ही आणि ही जा. मी राहते.”

“वहिनी, तुम्हाला ठेवून? काय बोलताय.”

“अहो, पाहुण्याला मागे ठेवून घरच्यांनी जायचं, असं कुठे असतं?”

“बायकांना मागे ठेवून पुरुषाने जायचं असं तरी कुठे असतं?”

तुम्हाला हे बोलणं ओळखीचं वाटेल. लिफ्टच्या दारात आपण हेच करतो, पंगतीत शेवटच्या जिलबीवरून हेच करतो. तुम्ही आधी, छे छे, तुम्ही. कुणीच कमी पडत नव्हतं. एकेकाचा चांगुलपणा असा उफाळून आला होता की मला ओरडावंसं वाटत होतं. मी ओरडलेही. “अहो, त्यांचा नियम आहे, ते सांगतायत ना.” कुणी ऐकलं नाही. मध्येच काकूंनी चहाची भांडी नदीवर नेऊन विसळली, उष्टी कशी टाकायची म्हणून. इतका वेळ काका एका हाताने पंखाची दोरी धरून खिंडीकडे बघत होते. मित्राला हाताला धरून विमानात कोंबणं त्यांना जमलं असतं का? मला नाही वाटत. काट्यावर चढवणारा तो माणूस कुणावर हात टाकणाऱ्यातला नव्हता.

खिंड अर्धी बुजली तेव्हा ते म्हणाले, “पुरे. तुम्ही दोघी बसा.”

डॉक्टरांनी आमच्यासाठी दार धरलं. माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, “टेन्शन नको घेऊ. मी मस्त पाण्यात बसतो.” आम्ही उडालो तेव्हा ते गवतात उभे राहून दोन्ही हात हलवत होते, स्टेशनवर पोचवायला आल्यासारखे.

असं झालं ते. बायकोला आधी काढलं ते असं. प्रसादाच्या रांगेतल्या त्या गृहस्थांना हे माहीत नव्हतं, आणि माहिती करून घ्यायचीही नव्हती.

लांबच्या पट्टीवर उतरलो तर ऊन लख्ख. डोंगराच्या माथ्यावर मात्र धुराची भिंत उभी राहत होती. आग विझवणाऱ्यांतला एक माणूस धावत आला, काकांना म्हणाला, आता परत जाऊ नका, आमचं हेलिकॉप्टर जाईल. काकांनी विचारलं, कधी? तो म्हणाला, दुसऱ्या दरीत काही लोक अडकलेत, त्यांना काढलं की लगेच. काकांनी त्याचे आभार मानले आणि आमच्या दोघींच्या पिशव्या बाहेर काढून गवतात ठेवल्या. मग स्वतःची पिशवीही ठेवली. मग पाण्याचा कॅन ओतून टाकला. विमान हलकं करत होते.

मी पुढच्या चाकासमोर जाऊन उभी राहिले. “हेलिकॉप्टर जाणार आहे म्हणतायत.”

“म्हणतायत.”

“काका, उद्या आहे की.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. “आहे,” म्हणाले. “सरक.”

काकूंनी माझा दंड धरून मला बाजूला घेतलं. मला तेव्हा त्यांचा इतका संताप आला की काय सांगू. नवऱ्याला अडवायचं सोडून मला अडवतात. त्या काकांना काही बोलल्या नाहीत, काकाही त्यांना नाही. डॉक्टर तिथे आहे, एवढीच गोष्ट होती आणि ती दोघांना सारखीच माहीत होती. विमान उठलं, डोंगराकडे गेलं, वर चढत चढत धुरात शिरलं. आवाज थोडा वेळ येत राहिला.

हेलिकॉप्टर गेलं. डॉक्टरांना घेऊन आलं. हातांना भाजलेलं, बाकी धड. ते उतरले आणि आमच्याकडे बघून त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “तो आला का?”

विमान सापडलं नाही. आग शमल्यावर शोधलं, मग बर्फ पडलं, पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा शोधलं. मीही गेले होते शोधणाऱ्यांबरोबर. तिथे आता काळे खांब उभे आहेत, कोसच्या कोस, आणि खाली राख इतकी मऊ की आपल्याच पावलांचा आवाज येत नाही. मी जंगल वाचवा म्हणून पत्रकं लिहिली, पण त्या जंगलात उभी राहिल्यावर मला कुणालाच शिव्या देता येईनात. मागे वळून वळून बघत होते. सारखं वाटायचं, कुणीतरी नाक वर करून उभं आहे.

काकू क्युपर्टिनोच्या त्याच घरात राहतात. मी अधूनमधून जाऊन राहते. वैमानिकांना हवामान सांगणारा एक फोन असतो. काका असताना तो नंबर सकाळी काकूच लावून द्यायच्या. अजून लावतात. त्या दरीची हवा विचारतात. पलीकडचा माणूस वारा सांगतो, ढग सांगतो, धूर आहे की नाही ते सांगतो, आणि शेवटी सुखरूप जा म्हणतो. काकू थँक्यू म्हणून फोन ठेवतात आणि कणीक मळायला घेतात.

“कशासाठी हो काकू?” मी एकदा विचारलंच.

“त्यांना कोण सांगणार मग?” काकू म्हणाल्या. अगदी साध्या सुरात.

गावात बोललं जात होतं ते काकूंच्याही कानावर गेलं होतं. त्या खोडून काढत नव्हत्या. डॉक्टरही गप्प. वर्ष उलटलं तरी एक अक्षर नाही, एक फोन नाही. शेवटी मी ह्यूस्टनला एका सभेसाठी गेले तेव्हा बस पकडून, मग लांबवर चालत शुगर लँडला त्यांच्या दारात जाऊन उभी राहिले. घामाने भिजले होते. त्यांनी दार उघडलं. मी आधी ओळखलंच नाही. अर्धे झाले होते.

घरात एसीचा गारठा. त्यांनी स्वतः पाणी आणून दिलं. मी ग्लास हातात धरूनच सुरू झाले.

“तुम्ही बोलत का नाही? लोक काय म्हणतायत माहीत आहे ना? एक वाक्य बोला, डॉक्टर. मीच मागे राहिलो, एवढंच.”

“बोललो असतो,” ते म्हणाले. “पण मग लोक म्हणणार, वा, केवढा त्याग. ते ऐकून घ्यायचं मी?”

“त्यात खोटं काय आहे?”

“पुढचं ठाऊक नाही तुला.” त्यांनी टेबलावरून हात फिरवला. “मी पाण्यात होतो. कंबरेएवढ्या. डोक्यावर ओला टॉवेल. दोन्ही काठ पेटलेले, ठिणग्या पाण्यात पडून चुर्र चुर्र वाजत होत्या. आणि वर विमान आलं. दिसत नव्हतं गं, धुराच्या वर होतं. नुसता आवाज. डोक्यावरून जायचा, डोंगरापाशी वळायचा, परत यायचा. भोक शोधत होता तो, खाली यायला. मला खालून कळत होतं की भोक नाहीये. पट्टीच दिसत नव्हती मला, शंभर पावलांवरची. मी ओरडायला पाहिजे होतं, जा म्हणून. ऐकू गेलं नसतं त्याला. पण माणसाने ओरडायला तर पाहिजे.”

“मग?”

“मी ये, ये म्हणत होतो. शर्ट काढून हलवत होतो, धुरात. आवाज जरा खाली आला की मला आनंद व्हायचा. आनंद, समजलं ना? मग परत वर जायचा, तर मी त्याला शिव्या घालायचो. तुम्ही आधी, तुम्ही आधी म्हणणारा तो मी.”

मी ग्लास खाली ठेवला.

“तू लिहितेस ना,” ते म्हणाले. “लिही. मी हट्टाने राहिलो ते लिही, आणि हेही लिही. दोन्ही लिहिणार असशील तरच.”

“शेवटी आवाज कुठे गेला?”

“डोंगराकडे वळला. मी वाट बघत राहिलो, आता वळेल, आता येईल. तेवढ्यात हेलिकॉप्टर आलं, त्यांनी दोरी सोडली, एकजण खाली उतरून मला पट्टा बांधायला लागला. मी त्याला ढकलत होतो. त्याला वाटलं मी घाबरलोय.” डॉक्टरांनी भाजलेलं बोट ओठांवर ठेवलं, तेव्हा केलं असेल तसंच. “मी त्यांना गप्प राहा म्हणून सांगत होतो. त्यांच्या त्या पंख्याच्या घरघरीत मला त्याचं विमान ऐकू येत नव्हतं.”